उच्चदाबाच्या सिलिंडरमधील वायूचा दाब आणि प्रवाह सुरक्षितपणे कसा नियंत्रित करावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतील फॅब्रिकेशनची शेडे, उसाच्या ट्रॉल्या बांधणारे, एसी दुरुस्त करणारे, सोडा विकणारे आणि घरी रुग्ण असलेली कुटुंबे यांच्याकडून आमच्याकडे रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधील दाब उतरवून कामापुरता करणारी उपकरणे, दुरुस्तीसाठी येतात, तेव्हा त्यांच्यासोबत प्रश्नही येतात. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे क्रमांक देऊन एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याचे उत्तर दोनदा द्यावे लागू नये म्हणून जेथे संबंध येतो तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शेडमध्ये ज्याला सगळे नुसते ‘किलो’ म्हणतात, तो दाब म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर. या पानावरही ‘किलो दाब’ याच अर्थाने वापरला आहे.

१. सिलिंडरमध्ये असा किती दाब असतो? वाल्व अगदी थोडा उघडला तर रेग्युलेटरशिवाय काम भागणार नाही का?

भागणार नाही. ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा आरगॉनच्या नेहमीच्या मोठ्या सिलिंडरची पाणी मावण्याची क्षमता ४६.७ लिटर असते आणि तो सुमारे १५० किलो दाबाने भरलेला असतो. मोटारसायकलच्या चाकात दोन-अडीच किलो दाबाची हवा असते, हे आठवले की १५० म्हणजे काय याचा अंदाज येतो. कटिंगच्या रबरी नळ्या साधारणतः २० बारपर्यंतच्या (एक बार म्हणजे जवळपास एक किलो दाब) कामासाठी बनवलेल्या असतात, म्हणजे सिलिंडरमधील दाब त्यांच्या सहनशक्तीच्या सातपट ठरतो. नदीवरच्या मोटारीचे पाणी थेट ठिबकच्या नळ्यांत सोडले तर काय होते, हे या भागातील शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

शिवाय सिलिंडरचा वाल्व उघडण्या-मिटण्यासाठी केलेला असतो, मोजून वायू सोडण्यासाठी नव्हे. तो अर्धवट उघडून प्रवाह जमवला, तरी आतला दाब जसजसा उतरतो तसतसा प्रवाहही बदलत जातो, आणि नळीचे पुढचे टोक बंद झाले तर वाल्व कितीही कमी उघडलेला असला तरी नळीत हळूहळू पूर्ण १५० किलो दाब साठतो.

२. रेग्युलेटरवर दोन गेज आहेत. कोणते काय दाखवते, आणि मधला स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा?

सिलिंडरकडचे, मोठ्या आकड्यांचे गेज सिलिंडरमध्ये शिल्लक असलेला दाब दाखवते; नळीकडचे, लहान आकड्यांचे गेज कामाचा दाब दाखवते. स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून आत घेतला की कामाचा दाब वाढतो आणि उलट फिरवून सैल केला की कमी होतो. येथेच बहुतेकांची फसगत होते, कारण पाण्याचा नळ याच्या नेमका उलट चालतो. नळ घट्ट आवळला की पाणी बंद होते. रेग्युलेटरचा स्क्रू घट्ट आवळला की वायू मोकळा होतो.

स्क्रू आवळला की आतील स्प्रिंग दबते, ती रबराच्या पडद्याला ढकलते आणि पडदा खालच्या बारीक वाल्वला त्याच्या बैठकीवरून उचलतो. वायू पुढे गेला की तोच पडद्यावर उलट दाब देतो आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या की वाल्व मिटतो. टॉर्च (नळीच्या टोकाचे, ज्योत पेटवण्याचे हत्यार) उघडून वायू वापरला जाऊ लागला की हा तोल पुन्हा बिघडतो, वाल्व तेवढाच उघडतो आणि गेलेल्या वायूची भरपाई करतो.

३. नवीन सिलिंडर जोडताना नेमका क्रम काय ठेवावा?

प्रथम सिलिंडर उभा करून साखळीने भिंतीला किंवा ट्रॉलीला बांधावा. रिकामा सिलिंडरसुद्धा पन्नास-साठ किलो वजनाचा असतो. तो आडवा पडून वाल्व तुटला, तर आतला वायू एका तोंडाने सुटतो आणि सिलिंडर सुसाट धावत सुटतो. बांधून झाल्यावरच टोपी काढावी, वाल्वचे तोंड कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसावे आणि तोंडासमोर कोणी नाही हे पाहून वाल्व क्षणभर किंचित उघडून मिटावा, म्हणजे आतील धूळ निघून जाते. हायड्रोजनच्या सिलिंडरवर मात्र हे करू नये, कारण सुटणारा हायड्रोजन स्वतःच पेट घेऊ शकतो. ॲसिटिलीन या कटिंगच्या ज्वलनशील वायूच्या बाबतीत जवळपास ठिणगी किंवा ज्योत नाही याची आधी खात्री करावी.

नंतर रेग्युलेटर योग्य मापाच्या पान्याने बसवावा, आणि आता जे सांगतो ते या पानावरील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे : सिलिंडरचा वाल्व उघडण्यापूर्वी रेग्युलेटरचा स्क्रू हाताला पूर्ण सैल लागेपर्यंत उलटा फिरवावा. स्क्रू आवळलेला असताना वाल्व उघडला, तर १५० किलोचा झटका बैठक, पडदा आणि छोटे गेज यांवर एकदमच बसतो. दुरुस्तीला आलेला फाटका पडदा पाहिला की आम्ही गिऱ्हाइकास पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि उत्तर बहुधा ‘काल संध्याकाळी तसाच ठेवला होता’ असे येते.

स्क्रू सैल केल्यावर रेग्युलेटरच्या समोर किंवा मागे न राहता बाजूला उभे राहून वाल्व अतिशय सावकाश उघडावा, म्हणजे मोठ्या गेजचा काटा उडी न मारता चालत वर गेला पाहिजे. ऑक्सिजनचा वाल्व यानंतर पूर्ण उघडावा. ॲसिटिलीनचा मात्र दीड फेऱ्यापेक्षा अधिक उघडू नये आणि त्याची चावी वाल्ववरच ठेवावी, कारण संकटकाळी चावी शोधण्यात जाणारा वेळ परवडत नाही. शेवटी टॉर्चचा वाल्व थोडा उघडून स्क्रूने कामाचा दाब लावावा. वायू वाहत असताना लावलेला दाबच खरा असतो.

४. स्क्रू कडक झाला आहे. थेंबभर तेल किंवा ग्रीस लावले तर काय बिघडते?

ऑक्सिजनच्या बाबतीत थेंबभरही पुरेसे असते. वायू झटक्यात दाबला गेला की तो तापतो, जसे सायकलच्या पंपाचे खालचे टोक हवा भरताना तापते. १ बारवरून १५० बारवर वायू एकदम दाबला गेला, तर हिशेबाने त्याचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. वाल्व झटकन उघडल्यावर रेग्युलेटरच्या तोंडाशी क्षणभर हेच घडते. त्या ठिकाणी तेल, ग्रीस किंवा तेलकट हाताचा डागही असला, तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये तो पेटतो आणि त्याच्या आचेने पडद्याचे रबर, बैठकीचे प्लास्टिक, आणि पुढे पितळसुद्धा जळू लागते. सिलिंडरच्या वाल्वला किंवा इतर जोडांना तेल लावू नये, हे देशाच्या ‘गॅस सिलिंडर नियमावली, २०१६’ मध्येही सांगितलेले आहे.

हे आमच्या शेडमध्ये एकदा घडले आहे. नव्याने लागलेल्या मुलाने कडक स्क्रूला सद्‌हेतूनेच ट्रॉलीच्या बेअरिंगचे ग्रीस लावले, तेच हात तोंडाच्या नटाला लागले, आणि वाल्व उघडताच बंदुकीसारखा आवाज झाला. गेजची काच छताच्या पत्र्याला लागून खाली आली. मुलगा बाजूला उभा होता म्हणून भुवया जळण्यावर निभावले. तो रेग्युलेटर नंतर टेबलावर उघडला, तेव्हा बैठकीच्या जागी फक्त काजळी होती आणि पितळेच्या छिद्राची कड मेणासारखी ओघळून थिजलेली होती. आजही नवीन येणाऱ्याला आम्ही प्रथम तोच दाखवतो.

कडक झालेला स्क्रू दुरुस्तीला द्यावा. ऑक्सिजनसाठी खास मान्य असलेले वंगण असते, परंतु ते कोठे आणि किती लावायचे हे दुरुस्ती करणाऱ्याचे काम आहे.

५. नट बसतच नाही. उलटे आटे का ठेवले आहेत? गळती होऊ नये म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळली तर?

ज्वलनशील वायूंचे आटे उलटे, म्हणजे डावे, आणि न जळणाऱ्या वायूंचे व ऑक्सिजनचे आटे सरळ ठेवलेले असतात, जेणेकरून ॲसिटिलीनचा रेग्युलेटर ऑक्सिजनच्या सिलिंडरवर चुकूनही बसू नये. उलट्या आट्यांच्या नटाच्या कोपऱ्यांवर बारीक खाच असते. अंधारातही ती बोटाला कळते. नट बसत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा ‘बसवू नका’ असाच असतो. दोन आटे जुळवण्यासाठी लेथवर ॲडॅप्टर तयार करून घेणारे लोक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांना आम्ही प्रत्येक वेळी स्पष्ट नकार दिला आहे.

टेप येथे निरुपयोगी आहे. हा जोड आट्यांवर नव्हे, तर टोकावरील गोलाकार धातूच्या बैठकीवर किंवा वायसरवर मिटतो. टेपमुळे गळती थांबत नाही, उलट तिचे तुकडे आत जाऊन बैठकीत अडकतात. पान्याने बेताने आवळूनही गळत असेल, तर टोकावर चरा पडला आहे किंवा वायसर गेला आहे असे समजावे.

६. सिलिंडरचा रंग पाहून वायू ओळखता येतो का?

अंदाज येतो, खात्री होत नाही. औद्योगिक ऑक्सिजन काळा, वैद्यकीय ऑक्सिजन काळा पण खांदा पांढरा, ॲसिटिलीन तपकिरी लाल, हायड्रोजन लाल आणि आरगॉन निळा हे रंग प्रचलित आहेत. परंतु रंग उडतो, गंजतो आणि कोणी वरून दुसरा हातही मारतो. सिलिंडरवरील नाव आणि लेबल वाचावे. दोन्ही वाचता येत नसतील तर सिलिंडर न जोडता परत पाठवावा.

७. दाब वाढवला की प्रवाह वाढतोच ना? मग दोन्हींत फरक काय?

दाब हा ढकलण्याचा जोर आहे आणि प्रवाह म्हणजे एका मिनिटात प्रत्यक्ष किती वायू गेला ते. छिद्र तेच असेल तर दाब वाढवल्यावर प्रवाह वाढतो. पण नोझल बदलला, नळी लांब झाली किंवा दुमडली, तर तोच दाब वेगळा प्रवाह देतो. कटिंगमध्ये आपण दाब लावतो, कारण नोझलचे छिद्र ठरलेले असते. १० मिलिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटसाठी ऑक्सिजन साधारणतः दोन ते तीन किलो आणि ॲसिटिलीन ०.२ ते ०.३ किलो पुरतो, आणि नेमका आकडा नोझलच्या तक्त्यातून घ्यावा.

मिग वेल्डिंगमध्ये (यात जोडावर वायूचे आवरण सोडून तारेने वेल्ड करतात) आणि रुग्णाच्या ऑक्सिजनमध्ये मात्र प्रवाह मोजावा लागतो, म्हणून तेथे काचेच्या उभ्या नळीत तरंगणारी गोळी असते. आकडा बहुतेक मीटरवर गोळीच्या मध्यावर वाचतात आणि मीटर अगदी उभा असावा लागतो. तिरका झाला की गोळी काचेला घासते आणि चूक दाखवते. मिगसाठी बंद शेडमध्ये मिनिटाला १० ते १५ लिटर पुरतात. वेल्डमध्ये छिद्रे दिसू लागली की वेल्डर प्रवाह पंचवीसवर नेतो, आणि छिद्रे वाढतात, कारण अति वेगाने निघालेला वायू नोझलपुढे भोवरे करून बाहेरची हवा आत ओढतो. अशा वेळी आधी डोक्यावरचा पंखा बंद करून पाहावा.

८. एक सिलिंडर किती वेळ पुरेल, याचा हिशेब कसा करायचा?

सिलिंडरची पाणी मावण्याची क्षमता लिटरमध्ये घ्यावी, तिला गेजवरील दाबाने गुणावे. जे येते ते साधारणतः बाहेरच्या दाबाला मोजलेले वायूचे लिटर असतात. ४६.७ गुणिले १५० म्हणजे सुमारे ७,००० लिटर, यालाच व्यापारी भाषेत सात घनमीटरचा सिलिंडर म्हणतात. आरगॉन मिनिटाला १२ लिटर जात असेल, तर ७,००० भागिले १२ म्हणजे ५८३ मिनिटे, म्हणजे आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) प्रत्यक्ष चालू असलेले पावणेदहा तास. गेजचा काटा ५० वर आला की एक-तृतीयांश उरला, इतके सरळ हे गणित आहे.

हा हिशेब ऑक्सिजन, आरगॉन, नायट्रोजन यांसारख्या केवळ वायुरूपात भरलेल्या सिलिंडरांसाठीच आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी प्रश्न १० आणि ॲसिटिलीनसाठी प्रश्न ११ पाहावा. रुग्णाच्या छोट्या सिलिंडरचा हिशेब प्रश्न १६ मध्ये आहे.

९. पहाटे गेज १४० दाखवत होते, दुपारी १४९. सिलिंडर आपोआप कसा भरला?

सिलिंडर भरला नाही, तापला. बंद भांड्यातील वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष (म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या प्रमाणात वाढतो. डिसेंबरात पहाटे १२ अंश आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ३१ अंश असले, आणि सिलिंडरचे अंगही तितके तापले, तर १४० चे जवळपास १४९ होतात. पुरवठादाराने माल कमी दिला अशी तक्रार थंडीत जास्त येते, ती याच कारणाने; दाबाची तुलना शक्य तो दिवसाच्या एकाच ठरावीक वेळी, सावलीत करावी. एप्रिल-मेच्या उन्हात सिलिंडर उघड्यावर ठेवू नये, हे यावरून ओघानेच येते.

१०. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचे गेज महिनाभर हललेच नाही, आणि मग दोन दिवसांत खाली आले. गेज बिघडले आहे का?

गेज ठीक आहे. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि द्रव शिल्लक आहे तोपर्यंत वरचा दाब केवळ तापमानावर ठरतो. २० अंशांना तो सुमारे ५७ बार असतो, मग द्रव तीस किलो वजनाचा असो की दोन. द्रव संपल्यानंतरच काटा उतरू लागतो, आणि तेव्हा मोठ्या सिलिंडरमध्ये आठ-नऊ किलो वजनाचा माल वायुरूपात उरलेला असतो. म्हणून या सिलिंडरचा साठा वजनकाट्यावरच मोजावा : खांद्यावर ठोकलेले रिकाम्याचे वजन एकूण वजनातून वजा करावे.

यात आपल्या भागातील उन्हाळ्याची एक गंमत आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीकडे गेला की सिलिंडरमध्ये द्रव असा उरतच नाही आणि भरलेल्या सिलिंडरचा दाब झपाट्याने चढतो. त्या दिवसांत गेज हिवाळ्यासारखे स्थिर राहत नाही, आणि पूर्ण भरलेला सिलिंडर उन्हात ठेवणे अधिकच धोक्याचे ठरते.

दुसरी तक्रार बर्फाची असते. द्रवाचा वायू होताना आणि वायू मोकळा होताना उष्णता शोषली जाते, रेग्युलेटरवर दव गोठते आणि आत कोरडा बर्फ साचून प्रवाह अडतो. तो अडथळा अचानक सुटला की झटका बसतो. यासाठी विजेचा हीटर जोडलेला रेग्युलेटर वापरावा आणि काम सुरू करण्यापूर्वी हीटर काही मिनिटे आधी चालू करावा. गोठलेल्या रेग्युलेटरवर टॉर्चची ज्योत कधीही धरू नये; वायू बंद करून कोमट पाण्याचे फडके पुरते.

११. ॲसिटिलीनचा दाब एक किलोच्या वर नेऊ नका असे का सांगतात? आणि सिलिंडर आडवा का ठेवायचा नाही?

ॲसिटिलीन हा स्वभावानेच अस्थिर वायू आहे. मोकळ्या अवस्थेत त्याचा दाब एक ते दीड किलोच्या पुढे गेला की हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही तो स्वतःच्या कार्बन आणि हायड्रोजनमध्ये फुटू शकतो, आणि ते फुटणे म्हणजे स्फोटच असतो. म्हणून कामाचा दाब एक किलोच्या वर नेऊ नये. त्याच्या रेग्युलेटरच्या लहान गेजवर पुढचा भाग लाल रंगवलेला असतो तो यासाठी.

मग सिलिंडरमध्ये तो पंधरा-सोळा किलो दाबाने कसा राहतो, असा प्रश्न येतो. त्या सिलिंडरमध्ये स्पंजासारखा सच्छिद्र भराव असतो, भरावात ॲसिटोन मुरवलेला असतो आणि ॲसिटिलीन त्यात विरघळलेला असतो. शेडमध्ये याला ‘डीए’ म्हणतात, त्यातील ‘डी’ हा विरघळलेला याच अर्थाचा. सिलिंडर आडवा ठेवला की द्रव ॲसिटोन वाल्वकडे येतो आणि वायूबरोबर रेग्युलेटरमध्ये शिरून पडदा खराब करतो. वाहतुकीत आडवा राहिलेला सिलिंडर उभा करून काही तास तसाच ठेवल्यावरच वापरावा.

वायू फार वेगाने ओढला तरीही ॲसिटोन बाहेर येतो. तासाला सिलिंडरमधील मालाच्या एक-पंचमांशापेक्षा अधिक ओढू नये हा जुना ठोकताळा आहे. सतत काम असेल तर आम्ही एक-सप्तमांश सांगतो. सहा घनमीटरच्या सिलिंडरमधून त्या हिशेबाने मिनिटाला साधारण १४ लिटर निघतात. मोठा हीटिंग टॉर्च याहून जास्त मागतो, आणि तेव्हा दाब वाढवणे हा उपाय नसून दोन-तीन सिलिंडर मॅनिफोल्डने (सगळ्यांचा वायू एकत्र आणणाऱ्या सामाईक नळीने) जोडणे हा आहे. जोडणीत तांब्याची नळी मात्र वापरू नये : तांबे आणि ॲसिटिलीन यांच्यापासून धक्क्याने फुटणारा पदार्थ तयार होतो.

१२. टॉर्च बंद केला तरी कामाच्या गेजचा काटा हळूहळू चढतो. काम चालू ठेवावे का?

ठेवू नये. टॉर्च बंद केल्यावर काटा किंचित वर जाऊन थांबतो, ते नैसर्गिक आहे. तो न थांबता चढतच राहिला, तर आतील बैठकीवर चरा आहे किंवा कचरा अडकला आहे आणि सिलिंडरमधील दाब नळीत झिरपतो आहे. वाल्व मिटावा, दाब सोडावा आणि रेग्युलेटर दुरुस्तीला द्यावा.

याच्याशी गल्लत होणारी दुसरी गोष्ट अशी, की सकाळी लावलेला दाब संध्याकाळी थोडा वाढलेला आढळतो. एकपदरी, म्हणजे एकाच टप्प्यात दाब उतरवणाऱ्या, रेग्युलेटरमध्ये सिलिंडरमधील दाब आतील वाल्वला मिटण्यास मदत करत असतो. सिलिंडर उतरू लागला की ती मदत कमी होते आणि कामाचा दाब किंचित चढतो. हा दोष नव्हे, मधूनमधून स्क्रू जरा सैल करावा. दाब अगदी स्थिर हवा असेल, तर दोन टप्प्यांत दाब उतरवणारा रेग्युलेटर घ्यावा. महाग असतो, ट्रॉल्यांच्या कामाला तो आवश्यक नाही, प्रयोगशाळेला आहे.

१३. ज्योत फट्‌ आवाज करून विझते. फ्लॅशबॅक अरेस्टर लावला की निश्चिंत राहता येईल का?

एखाददुसरा फट्‌ आवाज नोझल प्लेटला टेकल्याने, नोझलच्या टोकावर कचरा बसल्याने किंवा दाब कमी पडल्याने होतो. टॉर्च बंद करून, नोझल गार व साफ करून पुन्हा पेटवावा. परंतु ज्योत आत शिरून शिट्टीसारखा तीव्र आवाज येऊ लागला, तर टॉर्चचा ऑक्सिजन लगेच बंद करावा, पाठोपाठ ॲसिटिलीन, आणि मग दोन्ही सिलिंडर. अरेस्टर ज्योतीला नळीतून मागे जाऊ देत नाही. एकतर्फी वाल्व केवळ वायू मागे जाऊ देत नाही. दोन्ही वेगळे आहेत, आणि विकणारे पुष्कळदा दुसरे देऊन पहिल्याचे पैसे घेतात. अरेस्टर दोन्ही नळ्यांवर, रेग्युलेटरच्या बाजूला तरी असावाच.

ॲसिटिलीनचा सिलिंडर हाताला गरम लागू लागला, तर तो हलवण्याच्या भरीस पडू नये. सर्वांनी दूर जावे आणि १०१ वर अग्निशमन दलास कळवावे.

१४. काम संपल्यावर सिलिंडर नुसता बंद केला तर चालते का? आणि तो शेवटपर्यंत का वापरू नये?

दोन्ही सिलिंडरांचे वाल्व मिटावेत, मग एकेक टॉर्च-वाल्व उघडून नळीतील वायू स्वतंत्रपणे सोडावा, दोन्ही गेज शून्यावर आले की टॉर्च मिटून स्क्रू सैल करावेत. प्रश्न ३ मधील चूक टळते ती येथेच.

सिलिंडरमध्ये एक-दोन किलो दाब शिल्लक ठेवून वाल्व मिटावा आणि खडूने ‘रिकामा’ लिहावे. पूर्ण मोकळा झालेला सिलिंडर श्वास घेतो : रात्री गार झाला की दमट हवा आत ओढतो, आतून गंजतो, किंवा नळीतून दुसरा वायू त्यात शिरतो. पुढचा भरणारा ते पाहू शकत नाही.

१५. एसीच्या पाइपचे लीकेज तपासायला नायट्रोजन नव्हता. ऑक्सिजन किंवा कॉम्प्रेसरची हवा चालेल का?

ऑक्सिजन कधीही वापरू नये. एसीच्या पाइपांत कॉम्प्रेसरचे तेल असते आणि दाबाखालील ऑक्सिजन आणि तेल एकत्र आल्यावर काय होते ते प्रश्न ४ मध्ये सांगितले आहे. फरक इतकाच, की येथे स्फोट बंद भांड्यात होतो. कॉम्प्रेसरच्या हवेतही ऑक्सिजन आणि ओलावा असतो. कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावूनच सोडावा, आणि यंत्रावर लिहिलेल्या चाचणी-दाबापुढे जाऊ नये. नायट्रोजन विषारी नाही म्हणून बंद खोलीत तो सोडून देणेही बरोबर नाही. तो हवेतील ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस गुदमरल्याची जाणीव न होताच कोसळतो.

त्याच कारणाने अंगावरची धूळ झाडण्यासाठी ऑक्सिजनची नळी वापरू नये. कपड्यांत मुरलेला ऑक्सिजन एका ठिणगीने कापूस पेटावा तसा पेट घेतो.

१६. मिरजेच्या रुग्णालयातून आजोबांना घरी आणले आहे, सोबत छोटा ऑक्सिजन सिलिंडर दिला आहे. आम्ही काय सांभाळावे?

मिनिटाला किती लिटर द्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे. धाप लागली म्हणून आपण वाढवायचे नाही, कारण फुप्फुसांच्या काही जुनाट विकारांत जास्त ऑक्सिजन रुग्णाला अपाय करतो. घरी सहसा १० लिटर क्षमतेचा सिलिंडर दिला जातो. पूर्ण भरलेला असता त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला २ लिटर दराने साडेबारा तास. दुसरा सिलिंडर दहाव्या तासापूर्वी घरात आलेला असावा.

ओलावा देणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी खुणेपर्यंतच भरावे आणि रोज बदलावे. समई, उदबत्ती, विडी आणि शेगडी त्या खोलीत नको. ओठ कोरडे पडले म्हणून व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नये, नर्सकडून पाण्यात मिसळणारे मलम विचारून घ्यावे. शेजारच्या वेल्डरकडून तात्पुरता आणलेला रेग्युलेटर रुग्णासाठी वापरू नये. त्यात तेलाचा अंश असू शकतो आणि त्यावर प्रवाहाचा मीटरही नसतो.

१७. लिकेज कसे शोधावे? वाल्वच्या दांडीपाशीच फुसफुस येत असेल तर?

साबणाचे पातळ पाणी ब्रशने जोडांवर लावावे आणि फेस फुगतो का ते पाहावे. ऑक्सिजनसाठी तेलविरहित द्रावण घ्यावे. आगकाडी पेटवून पाहण्याचा प्रकार अजूनही दिसतो, त्याविषयी अधिक लिहीत नाही. दुसरी पद्धत म्हणजे टॉर्च बंद ठेवून, दाब लावून सिलिंडरचा वाल्व मिटावा आणि मोठ्या गेजवर पाच मिनिटे नजर ठेवावी. काटा उतरला तर गळती आहे.

वाल्वच्या दांडीपाशी गळत असेल तर वाल्व मिटल्यावर ती बहुतेकदा थांबते. थांबली नाही, तर सिलिंडर मोकळ्या हवेत, आगीपासून दूर नेऊन ठेवावा आणि पुरवठादारास बोलवावे. सिलिंडरचा वाल्व स्वतः खोलू नये.

१८. पुरात सिलिंडर आणि रेग्युलेटर दोन्ही पाण्याखाली होते. धुऊन, वाळवून वापरता येतील का?

ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या कृष्णेच्या पुरानंतर हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक आला. पाण्यात राहिलेला रेग्युलेटर न उघडता वापरू नये, कारण स्प्रिंगच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून गाळ आत शिरतो आणि बाहेरून तो चकचकीत दिसला तरी पडद्याखाली चिखलाचा थर असतो. पुराच्या पाण्यावर डिझेल आणि तेलाचा तवंगही असतो, त्यामुळे ऑक्सिजनचे रेग्युलेटर आणि नळ्या यांच्या बाबतीत आम्ही हट्टाने नवीन घ्यायलाच सांगतो. दुरुस्तीचे काम आमचे असूनही.

सिलिंडर घरी धुऊन वापरू नये. तो पुरवठादारास ‘पुरात बुडाला होता’ असे लिहून परत द्यावा, म्हणजे वाल्व तपासला जाईल आणि गरज वाटल्यास पाण्याच्या दाबाची चाचणीही होईल. ऑक्सिजनसारख्या वायूंच्या सिलिंडरांची ही चाचणी एरवी पाच वर्षांनी होते आणि तिची तारीख खांद्यावर ठोकलेली असते. पाणी चढण्याची सूचना मिळाली, तर वेळ असेपर्यंत सर्व वाल्व मिटवून, टोप्या लावून सिलिंडर उंच जागी न्यावेत, किंवा निदान साखळीने घट्ट बांधावेत. पोलादाचा मोठा सिलिंडर पाण्यात सहसा तळाशी राहतो, परंतु घरगुती गॅसची १४.२ किलोची टाकी भरलेली असतानाही तरंगते. त्या पुरात आमच्या शेडमध्ये अशीच एक टाकी आढळली, जी आमची नव्हतीच. तिच्या मालकाचा शोध घेण्यात दोन दिवस गेले.